लाल फुलीचं दुकान

बाजारपेठेतल्या दुकानदारांनी त्यांना काटासाहेब हे नाव ठेवलं होतं, आणि निवृत्त होऊन चार वर्षं उलटली तरी ते काही सुटलं नव्हतं. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी बत्तीस वर्षं काढली. पारड्याखाली चिकटवलेला लोहचुंबक, आतून पोखरून हलकं केलेलं वजन, तळाशी मेण ओतलेलं तेलाचं माप, यांतलं काही त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. साध्या कपड्यांत, हातात पिशवी घेऊन, गिऱ्हाईक बनून दुकानात जायचं, माल घ्यायचा, पैसे द्यायचे आणि मग सावकाश खिशातून ओळखपत्र काढायचं. खात्याच्या भाषेत याला चाचणी खरेदी म्हणतात. बत्तीस वर्षं अशी खरेदी केलेल्या माणसाला पुढे साधी खरेदी जमत नाही, हे मात्र खात्याच्या कुठल्याही परिपत्रकात लिहिलेलं नव्हतं.

घरात आलेला साखरेचा पुडा आधी त्यांच्या टेबलावर जायचा, मग डब्यात. काडेपेटीतल्या काड्या त्यांनी मोजल्या होत्या. बायको बालवाडीत शिकवायची, तिला लहान मुलांची सवय होती, त्यामुळे तिने हेही निभावून नेलं. 'झालं का मोजून? आता चहा करू?' एवढंच ती विचारायची.

ती निवृत्त झाली तरी दर शनिवारी बालवाडीत गोष्ट सांगायला जायची. तिच्या गोष्टींत राक्षस असायचा, उंदीर असायचा, चिडका शिपाई असायचा, आणि ही सगळी मंडळी तिच्या एका चेहऱ्यावर राहायची. गाल फुगवले की राक्षस, ओठ पुढे काढले की उंदीर. चाळीस मुलं तोंड उघडं टाकून बघत बसायची. पण या चेहऱ्याचा धड एक फोटो घरात नव्हता. लग्नातल्या फोटोत तिची मान खाली होती, आणि बालवाडीच्या प्रत्येक ग्रुप फोटोत ती कुठल्या ना कुठल्या मुलाला सरळ बसवायला वळलेली होती.

मग तिच्या कानाखाली एक गाठ आली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "गाठ साधी आहे, घाबरू नका," त्या म्हणाल्या. "पण चेहऱ्याची नस तिच्यातूनच जाते. ऑपरेशननंतर एक बाजू ढिली पडू शकते. कधी काही महिन्यांत सुधारते, कधी तशीच राहते. आत्ताच सांगून ठेवते." ऑपरेशन तीन आठवड्यांनी, गुरुवारी ठरलं.

घरी आल्यावर ती चपला काढताना म्हणाली, "अहो, त्याच्या आधी माझा एक फोटो काढून ठेवू या. चांगला. हसरा."

"काढू की," काटासाहेब म्हणाले.

"कोपऱ्यावरच्या स्टुडिओत जाऊन येऊ उद्या."

इथे खरं तर गोष्ट संपायला हवी होती. स्टुडिओ चार मिनिटांवर होता. पण काटासाहेबांचा स्टुडिओवाल्यावर विश्वास नव्हता. स्टुडिओवाला फोटोवर हात फिरवतो, सुरकुत्या पुसतो, रंग उजळतो. म्हणजे दिलेला चेहरा वेगळा आणि घेतलेला वेगळा. त्यांच्या हिशेबी ही सरळसरळ मापातली खोट होती. त्या दिवसांत फोनवरून माणसं फक्त बोलायची, आणि डिजिटल कॅमेरा नावाची नवी चीज सगळ्या दुकानांच्या काचेत दिसायला लागली होती. रोल नको, धुवायला टाकणं नको, फोटो काढला की तिथल्या तिथे बघता येतो. म्हणजे तिथल्या तिथे तपासता येतो. काटासाहेबांना तो ऐकूनच आवडला.

"आपण कॅमेराच घेऊ," ते म्हणाले. "फक्त दुकान विश्वासाचं हवं."

बायकोने त्यांच्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. शेवटचं वाक्य तिला चांगलं ओळखीचं होतं.

दुसऱ्या दिवशी काटासाहेबांनी नवी वही काढली. शहरात कॅमेरे विकणारी अकरा दुकानं होती. प्रत्येकाला एक नंबर, एक पान, आणि पानाच्या शेवटी निकाल: खात्री पटली तर निळी खूण, खोट सापडली तर लाल फुली. फोटो जिचा काढायचा ती बरोबर हवी, म्हणून बायकोलाही रोज निघावं लागायचं. घरातून निघताना ती केस नीट बांधायची, बरी साडी नेसायची. दुकानात शिरल्यावर तिला काउंटरसमोर उभं केलं जायचं.

पहिला प्रश्न ठरलेला होता. चेहरा होईल तितका बावळट करून काटासाहेब विचारायचे, "यात रोल कुठून घालायचा?" दुकानदार हसला तर तो उद्धट. त्याने समजावून सांगितलं तर पुढचा प्रश्न. दुकान नंबर दोनने खणातून खरोखर रोल काढून समोर ठेवला. त्याच्या पानावर लाल फुली पडली.

मग पिशवीतून छोटा वजनकाटा निघायचा. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात वजन छापलेलं असतं, हे जगात फार थोड्या लोकांना माहीत असेल, पण काटासाहेबांनी ते आधी वाचलेलं असायचं. दुकान नंबर चारमध्ये कॅमेरा तीन ग्रॅम जास्त भरला.

"मग तुमचाच फायदा की," दुकानदार म्हणाला.

"चूक ती चूक. जास्त असली म्हणून काय झालं?" काटासाहेब म्हणाले आणि त्यांनी वही उघडली. दुकानदाराने तीन ग्रॅम परत घेण्याची तयारी दाखवली नाही.

तिसऱ्या दुकानात डब्याबरोबर फुकट येणारी पिशवी वेगळी विकायला ठेवलेली होती. पाचव्यात वॉरंटी कार्डावर शिक्का नव्हता आणि विचारल्यावर दुकानदार म्हणाला, शिक्का काय, बटाट्याचाही मारून देतो. सहाव्यात काचेत ठेवून ठेवून कडा झिजलेला कॅमेरा फडक्याने पुसून नवा म्हणून पुढे आला. खोटं सांगायचं कारण नाही, काटासाहेबांचं काहीच चुकत नव्हतं. बाजार त्यांच्या समजुतीइतकाच लबाड होता. चुकत होतं ते एवढंच की दिवस जात होते.

प्रत्येक दुकानात बायकोचा एक नमुना फोटो निघायचा. मग काटासाहेब तो छोट्या पडद्यावर मोठा करकरून तपासायचे. केसांची कड फाटलीय का, साडीचा रंग उतरलाय का, अंधाऱ्या भागात ठिपके दिसतात का. ती विचारायची, "मी कशी दिसतेय?" ते म्हणायचे, "डावीकडे थोडा धूसरपणा आहे."

सातवं दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं. 'दुकान कायमचे बंद होणार, शेवटचे तीन दिवस' असा फलक त्यावर सहा वर्षांपासून लटकत होता. मालकाचे केस चापूनचोपून बसवलेले, मनगटावर सोनेरी घड्याळ, आणि बोलण्यात साखरेचा पाक. काटासाहेबांनी दारातच मनाशी फुली मारून टाकली होती, पण पद्धत म्हणजे पद्धत, म्हणून ते आत गेले.

"काकू, इकडे या, इथे उजेड चांगला आहे," मालक म्हणाला. त्याने काचेच्या कपाटातून सगळ्यात महागाचा कॅमेरा काढला. "हा साधा कॅमेरा नाही बरं का. याला हसू कळतं. तुम्ही हसलात की हा आपोआप फोटो काढतो. नाही हसलात तर ढिम्म हलणार नाही."

"आपोआप?" बायकोने विचारलं.

"मी हातसुद्धा लावत नाही. बघा."

काटासाहेबांचे कान टवकारले. या कॅमेऱ्याचं माहितीपत्रक त्यांनी दोनदा वाचलं होतं आणि त्यात असलं काही नव्हतं. ते हळूच मालकाच्या मागे गेले आणि वाकून त्याच्या उजव्या हाताकडे बघू लागले. हात कॅमेऱ्याला टेकवल्यासारखा होता. तर्जनी बटणावर होती. काटासाहेब आणखी वाकले. बायको खळखळून हसली, तर्जनी खाली गेली, टिक् असा आवाज झाला.

"बोटाने दाबलंस," काटासाहेब म्हणाले.

"छे हो काका. टेकलं असेल."

"बोटाने दाबलंस. मी बघितलं."

मालक हसला. खोटं पकडलं गेल्यावर हसणारे लोक काटासाहेबांच्या डोक्यात जायचे. फोटो न बघताच त्यांनी बायकोला बाहेर काढलं आणि फुटपाथवर उभं राहून वही लिहिली: 'दुकान ७. सराईत खोटारडा. बोटाने दाबतो आणि आपोआप म्हणतो.' त्याखालची फुली त्यांनी दोनदा गिरवली.

"मला बघायचा होता तो फोटो," बायको म्हणाली.

"त्या माणसाचा फोटो काय बघायचा? चल, पुढे जाऊ."

आणि आणखी तीन फुल्यांनंतर, अकराव्या दुकानात देव भेटावा तसा खरा माणूस भेटला. चष्मेवाला, हळू आवाजात बोलणारा, शाळामास्तर वाटावा असा. रोल कुठे घालायचा विचारल्यावर त्याने न हसता समजावून सांगितलं. वजन बरोबर भरलं. बिल आधी दाखवलं. वर स्वतः होऊन म्हणाला, "खरं सांगू का, हा कॅमेरा तुम्ही घेऊ नका. याच्या पडद्याच्या तक्रारी आहेत. याच्यापेक्षा चांगला येतोय, पुढच्या आठवड्यात. बुधवारी माझ्याकडे असेल."

काटासाहेबांनी काउंटरवरच वही उघडली. बत्तीस वर्षांत त्यांच्याशी असं कोणी बोललं नव्हतं. वहीत निळी खूण पडली, वहीतली एकुलती एक. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "बघितलंस? अशी माणसं आहेत अजून."

"बुधवारी नक्की येईल ना? गुरुवारी ऑपरेशन आहे."

"तो माणूस खोटं बोलणार नाही."

नाहीच बोलला. बुधवारी संध्याकाळी दोघं दुकानात गेली. ती या वेळी ठेवणीतली साडी नेसली होती आणि घरी आरशासमोर थोडा वेळ उभी राहिली होती. चष्मेवाल्याने त्यांना बघून चष्मा काढला. "नाही आला हो माल. कंपनीकडून आता सोमवार म्हणतायत. मी तुम्हाला अंधारात ठेवणार नाही, सोमवारचीही मला खात्री नाही."

"खरं सांगितलंत, बरं वाटलं," काटासाहेब म्हणाले. तोंडातून शब्द गेला आणि त्यांनी बायकोकडे बघितलं. ती काचेतल्या कॅमेऱ्यांकडे बघत होती. स्टुडिओ आठवून ते तिला घेऊन जवळजवळ धावतच निघाले, पण बुधवारी स्टुडिओ बंद असतो. हे तिला माहीत होतं. त्यांना सांगायचं तिने टाळलं होतं, कारण ते पहिल्यांदाच कुठेतरी धावत निघाले होते.

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधीच निघाली. उजवी बाजू मात्र ढिली पडली. भुवई वर जाईना, डोळा पुरता मिटेना, त्यात दिवसातून सहा वेळा थेंब घालावे लागायचे. ओठाचा कोपरा खाली लोंबायचा आणि चहा डाव्या बाजूने प्यावा लागायचा. 'प' आणि 'ब' फुसफुसत बाहेर यायचे. तिने एकदा आरशात बघून गाल फुगवायचा प्रयत्न केला. हवा उजव्या कोपऱ्यातून निघून गेली. त्यानंतर तिने आरशावर टॉवेल टाकला आणि शनिवारी बालवाडीला निरोप पाठवला की आता जमणार नाही.

काटासाहेबांना झोप लागेना. अकरा दुकानांत तिचे अकरा फोटो निघाले होते. सातवं दुकान सोडलं तर दहा वेळा त्यांनी तिचा चेहरा हाताच्या अंतरावर, मोठा करून बघितला होता, आणि आता डोळे मिटले की त्यांना नुसते ठिपके आठवायचे. आपण किती मूर्ख आहोत हे कळायला माणसाला फार वेळ लागत नाही, पण ते कळून घ्यायला त्यांनी बासष्ट वर्षं घेतली होती.

एक महिन्याने ते वही घेऊन पुन्हा दुकानं फिरू लागले. या वेळी पिशवीत वजनकाटा नव्हता. "त्या दिवशी माझ्या मिसेसचा नमुना फोटो काढला होता, तो आहे का हो?" दुकानदारांना यात नवा सापळा दिसला. दुकान नंबर चारने तो कॅमेरा विकून टाकला होता, तीन ग्रॅमसकट. दोनने तोंडावर नाही सांगितलं. पाचवा म्हणाला, "साहेब, आम्ही कोणाचाच फोटो काढत नाही." अकरावा चष्मेवाला उभाच राहिला. त्याला मनापासून वाईट वाटलं. "आम्ही गिऱ्हाइकांचे फोटो रोज संध्याकाळी पुसून टाकतो. विचारल्याशिवाय कोणाचा फोटो ठेवणं बरोबर नाही ना." काटासाहेबांनी मान डोलावली. ते बरोबरच होतं.

उरलं सातवं दुकान. शेवटचे तीन दिवस अजून चालूच होते. काटासाहेब दारात आले आणि तिथेच थांबले.

समोरच्या भिंतीवर, दारातून शिरणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल असा, दोन हात उंचीचा फोटो होता. बायको हसत होती. दोन्ही डोळे बारीक झालेले, दोन्ही गालांवर खळ्या, डोकं थोडं मागे गेलेलं, तोंडातले सगळे दात दिसतायत. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'आमचे समाधानी ग्राहक'. खाली दुकानातल्या सगळ्यात स्वस्त कॅमेऱ्याची किंमत होती.

मालकाने त्यांना ओळखलं आणि त्याचा चेहरा उतरला. "काका, बसा ना. मी विचारणारच होतो तुम्हाला, पण पत्ता नव्हता. आत्ता उतरवतो. तक्रार नका करू." मग त्याचं त्यालाच राहवलं नाही. "आता सगळंच सांगतो. हा फोटो त्या स्वस्तातल्या कॅमेऱ्याचा नाही. महागातल्याचा आहे. पण काकूंचा फोटो लावल्यापासून स्वस्तातले चाळीस गेले."

विनापरवानगी फोटो, खोटी जाहिरात, खोटा ग्राहक. एका भिंतीवर तीन गुन्हे. पूर्वीचे काटासाहेब असते तर तिथेच पंचनामा झाला असता. ते खुर्चीवर बसले, रुमाल काढला, चष्मा पुसला, मग डोळे पुसले. मालक घाबरून पाणी घेऊन आला.

"हा मला देशील का?" ते म्हणाले.

"न्या की. तुमचाच आहे."

"आणि तो कॅमेराही दे. आपोआप फोटो काढणारा."

मालक गोंधळला. "काका, तो आपोआप नाही काढत. तुम्ही बघितलंत ना त्या दिवशी."

"माहीत आहे मला. दे."

सीलबंद डबा त्यांनी तसाच पिशवीत टाकला. सील बघितलं नाही, वजन केलं नाही, वॉरंटी कार्डावर शिक्का आहे का ते उघडून पाहिलं नाही. घराच्या दारात पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बिलही मागायचं राहिलं.

बायको खिडकीशी खुर्चीत बसली होती, उजवी बाजू भिंतीकडे करून. हल्ली ती तशीच बसायची. काटासाहेबांनी फोटो तिच्यासमोर पलंगावर टेकवून ठेवला. तिने पुढे वाकून तो बघितला.

"कुठे मिळाला?"

"सात नंबर."

"म्हणजे लाल फुली."

"हं." त्यांनी डबा फोडला, सूचना वाचत वाचत बॅटरी बसवली आणि कॅमेरा हातात घेतला. "जरा इकडे बघ. हा कॅमेरा आहे ना, याला हसू कळतं. तू हसलीस की हा आपोआप फोटो काढतो. मी हातसुद्धा लावत नाही."

बायकोशी बोललेलं आयुष्यातलं पहिलंच खोटं, त्यामुळे ते सफाईने जमलं नाही. कान लाल झाले होते आणि तर्जनी राजरोस बटणावर होती. ती वळली. आता तिचा अख्खा चेहरा उजेडात होता.

"अहो, बोट दिसतंय तुमचं."

"टेकलंय फक्त."

"त्या दिवशी त्याचंही दिसलं होतं मला."

काटासाहेबांनी कॅमेरा खाली घेतला. "तुला दिसलं होतं? मग हसलीस कशाला?"

"त्याला कोण हसतंय? तुम्ही त्याच्या मागे वाकून बोटाकडे बघत होता ना, तुमच्या तोंडाला हसले मी. चाळीस वर्षं बघतेय ते तोंड. साखरेच्या पुड्यालाही तेच."

"कसलं तोंड?"

तिने थोडा विचार केला. मग मान पुढे काढली, डावा डोळा बारीक केला, डावा ओठ दाबून धरला आणि डावी भुवई कपाळात चढवली. उजवी बाजू ढिम्म राहिली, लोंबती, संशयाने कायमची गोठलेली. बत्तीस वर्षांच्या नोकरीसकट काटासाहेब तिच्या चेहऱ्यावर येऊन बसले. खरं तर आता ते पूर्वीपेक्षा जास्त हुबेहूब उतरले होते.

काटासाहेब हसले. हसता हसता त्यांचं पोट दुखायला लागलं आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यातच कधीतरी बोट खाली गेलं, टिक् वाजलं. फोटो सपशेल हलला होता. डावीकडे धूसर, उजवीकडे धूसर, अंधाऱ्या भागात ठिपकेच ठिपके. त्यांनी तो पुसला नाही.

"हा शिपाई मुलांना दाखवायला हवा," ती म्हणाली. 'प' फुसफुसला, तिने तो पुन्हा नीट म्हणून बघितला. "शनिवारी मला बालवाडीत सोडाल?"

"सोडतो की."

ती चहा करायला आत गेल्यावर त्यांनी वही काढली आणि दुकान नंबर सातचं पान उघडलं. लाल फुली त्यांनी खोडली नाही. तो माणूस खोटारडा होताच, आणि नोंद म्हणजे नोंद. फक्त तिच्याखाली त्यांनी निळ्या शाईने एक ओळ लिहिली: 'ग्राहक समाधानी.'